वरचा हुक, खालचा खिळा

५ नोव्हेंबर, बुधवार

लेकीच्या लग्नाचा हॉल ठरला. कृतिका स्टेज दाखवत होती. इथे फुलांची कमान, इथे भटजी, इथे तुम्ही दोघं पाटावर. आणि मी बघत होते संडास कुठे आहे! स्टेजवरून उतरायचं, खुर्च्यांच्या रांगांमधून वाट काढायची, मग पंगतीची जागा, मग एक अंधारा बोळ. नऊवारीत तेवढं चालेन मी. धरून ठेवता येणार नाही.

इथे कोण वाचतंय, म्हणून स्पष्टच लिहिते. गेल्या वर्षी माझं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, मी राहिले. काही महिने पोटावर पिशवी होती. मग आतडं परत जोडलं, पिशवी सुटली. डॉक्टर खूश, रिपोर्ट खूश. फक्त त्या जागेला आता कळत नाही की काय धरायचं आणि कधी सोडायचं. एकदा जाऊन यावं तर लगेच परत. परत बसावं तर काही नाही, उठावं तर घाई. कधी कधी पोचायच्या आधीच. लग्नं सोडली, बारशी सोडली, समोरच्या दुकानात जाणंसुद्धा सोडलं. झोपायला मी मधल्या खोलीत आले, कारण ती खोली संडासाजवळ. लोकांना हे कारण सांगितलं. खरं कारण, चादर खराब झाली तर ह्यांना कळू नये.

लग्न आठ फेब्रुवारीला. कन्यादानाला आईबाप पाटावर बसले, पदराची आणि उपरण्याची गाठ पडली, की विधी संपेपर्यंत उठायचं नसतं. आमच्याकडे ते सकाळी सुरू होतं ते दुपारपर्यंत चालतं.

एकच मुलगी आहे मला.


९ नोव्हेंबर, रविवार

आईबापांना जमणार नसेल तर काका-काकू बसतात. म्हणून आज वहिनींकडे गेले. प्रेमलतावहिनी म्हणजे दयारामभाऊजींची बायको, माझी मोठी जाऊ. वाडी एकच, विहीर एकच, मध्ये फक्त केळीच्या दोन ओळी. तेवढं अंतर चालायला मी सकाळपासून उपाशी राहिले.

म्हटलं, "वहिनी, कृतिकाच्या कन्यादानाला तुम्ही आणि भाऊजी बसाल का? माझं तर तुम्हाला माहीतच आहे."

त्या मेथी निवडत होत्या. मान वर नाही केली. "माझ्याच्यानं नाही व्हायचं गो."

बस्स. का नाही, काही नाही. भाऊजी म्हणाले, "अगो, बसू की आपण—" तर त्यांच्याकडे अशा बघितल्या की ते उठून विहिरीवरची मोटर बंद करायला गेले. मोटर चालू नव्हतीच!


१० नोव्हेंबर

संताप जात नाही. सोवळ्याच्या देवीच आहेत. कुणाच्या घरी गेल्या तरी खुर्चीवर बसणार नाहीत. बरोबर घडी केलेली जाड चादर नेतात, ती अंथरून तिच्यावर बसतात. पाणी पिणार नाहीत. जेवणाच्या आधी निघणार. साड्या सगळ्या काळपट, जांभळ्या, गडद हिरव्या, म्हणजे आमच्यासारखं नटायला त्यांना कमीपणा वाटतो. मी हॉस्पिटलात होते तेव्हा रोज डबा पाठवला भाऊजींबरोबर, ते खोटं नाही. पण स्वतः एकदाही आल्या नाहीत.

आणि आता सख्ख्या पुतणीचं कन्यादान म्हटल्यावर "नाही व्हायचं".


१४ नोव्हेंबर

आग्नेस आली. ती चर्चच्या मागे राहते, नर्स होती, आता निवृत्त. पोटावर पिशवी होती तेव्हा ती बदलायला तिनंच शिकवलं. आज पेरू घेऊन आली आणि मी रडले. पेरू बघून नाही, ती काही विचारत नाही म्हणून.

सगळं सांगितलं. लग्न, पाट, वहिनी. ती म्हणाली, "बाय, पाण्यानं पोट धुऊन का नाही घेत तू सकाळी?"

मी म्हटलं, "एनिमा? तो बाळंतिणीला देतात तो?"

"तोच. पण घरच्या घरी, आपल्या हातानं. सकाळी आतडं रिकामं केलंस की ते दुपारपर्यंत गप बसतं. आत काही नसलं तर बाहेर काय येणार?"

एवढं सोपं वाक्य! वर्षभर कुणी बोललं नव्हतं. मग बोट वर करून म्हणाली, "पण आधी सर्जनला विचारायचं. तुझा आतला सांधा भरलाय की नाही ते त्याला बघू दे. त्याच्या आधी हात लावशील तर मी बोलणार नाही तुझ्याशी."


१८ नोव्हेंबर

सर्जननी तपासलं. सांधा चांगला भरलाय. "हो, करा की. पुष्कळ पेशंट करतात."

पुष्कळ करतात! मग मला का नाही सांगितलं? तसं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही कधी तक्रार केली नाहीत, काकू." खरं आहे. दर वेळी 'कसं काय' विचारायचे आणि मी म्हणायचे, छान. सोबत हे असायचे ना. ह्यांच्यासमोर कशी सांगणार की दिवसातून कितीदा कपडे धुते?

आज मात्र ह्यांच्यासमोरच सांगितलं सगळं. हे खिडकीतून पार्किंगकडे बघत होते. वसईला परतताना रिक्षात म्हणाले, "म्हणून मधली खोली."

मी 'हो' म्हटलं.


२१ नोव्हेंबर

एनिमाचं सामान आणायला नालासोपाऱ्याला गेलो. मुद्दाम. इथल्या मेडिकलवाल्याला माझं माहेर, सासर, बीपीची गोळी सगळं ठाऊक. नालासोपाऱ्यात एवढी माणसं, कोण कुणाला ओळखतंय!

दुकानदारानं आधी मला, मग ह्यांना न्याहाळलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "एनिमा किसके लिए चाहिए, अंकल? आपके लिए या आंटी के लिए?"

हे म्हणाले, "दोनों के लिए."

का म्हणाले, देव जाणे. पण त्या क्षणी माझ्या एकटीवरची लाज अर्धी झाली, हे मात्र खरं. मागे वळून बघते तर रांगेत आमचा पॉल, वाडीशेजारचा! त्याच्या हातात मोठ्या माणसांच्या डायपरचा गठ्ठा, त्याच्या आईसाठी. तोही आपला गाव सोडून इथे आलेला. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही छताचा पंखा बघायला लागलो.

दुकानदारानं काउंटरवर तीन प्रकार मांडले. एक रबरी फुगा, हातात मावेल एवढा, पुढे नळी. एक औषधाची तयार बाटली. आणि एक डबा, त्याला लांब नळी, नळीला बंद करायची खटकी. आग्नेसनं आधीच बजावलं होतं. बाटलीतलं औषध रोजच्या वापराचं नाही, त्यानं अंगातले क्षार बिघडतात. फुगा चांगला, पण त्यात पाणी थोडं, माझं काम त्यानं भागायचं नाही. मला डबाच हवा, म्हणजे पाणी सावकाश सोडता येतं आणि खटकी दाबली की थांबतं. तर डबा घेतला. त्याचं पुढचं टोक मात्र कडक प्लास्टिकचं. आग्नेस म्हणते, तुझ्यासारखीला मऊ टोक हवं, शंकूसारखं, जे आत जास्त जात नाही.

येताना हे पिशवी छातीशी धरून बसले होते.


२३ नोव्हेंबर

मऊ टोक इथे कुठेच मिळेना. कृतिकाला सांगावं लागलं. तिनं फोनवर शोधलं आणि मागवलं. मी म्हटलं, "मैत्रिणीसाठी हवंय."

ती म्हणाली, "आई, कोणती मैत्रीण?"

मग सांगितलं. ती माझ्या पायाशी येऊन बसली. म्हणाली, "लग्न कोर्टात करूया. अनिशचं घर ऐकेल."

मी म्हटलं, तुझ्या लग्नात मी पाटावर बसणार. कोर्टात पाट असतो का?

देवा, पोर चांगली दिलीस. फक्त उगाच त्याग करायला निघते, बापावर गेली आहे.


२६ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा केलं. मरता मरता वाचले.

झालं असं. डबा टांगायला हुक हवा होता. हे म्हणाले, "ते माझं काम." सकाळीच ड्रिलिंग मशीन घेऊन बाथरूममध्ये. तासाभरानं बाहेर आले, चेहऱ्यावर ही धन्यता. बघते तर हुक पार वर, व्हेंटिलेटरच्या शेजारी, छताला टेकलेला!

म्हटलं, एवढा उंच कशाला?

"अगो, वाडीतल्या ड्रिपची टाकी कुणी बसवली? मी. टाकी जितकी उंच तितका पाण्याला जोर. शेवटच्या केळीपर्यंत पाणी पोचायला हवं की नको?"

मलाही पटलं! आम्ही वाडीवाली माणसं. टाकी उंच, पाणी जोरात, झाड खूश. आमच्या डोक्यात दुसरं येणार कुठून? आग्नेसला विचारायचं सुचलंच नाही. डबा वर लावायला ह्यांना स्टुलावर चढावं लागलं.

पाणी कोमट केलं. कमोडवर बसले, मऊ टोकाला जेली लावली, देवाचं नाव घेतलं, खटकी उघडली. आणि पाणी असं घुसलं की पोटात कुणी कणीक तिंबतंय. कळ मारली. घाम फुटला. डोळ्यांपुढे काळं. खटकी बंद करायची हेच विसरले! दाराबाहेर हे उभे, "पोचलं का गो? पोचलं का?"

कसंबसं म्हटलं, "खाली करा तो डबा."

ह्यांनी दार उघडलं. आजपर्यंत ह्यांनी मला तसं कधी पाहिलं नव्हतं. कमोडवर, साडी गोळा केलेली, ओठ पांढरे. ऑपरेशननंतरसुद्धा मी नर्सला सांगून पडदा ओढून घ्यायची. ह्यांनी नळी ओढून काढली, मला खांद्याशी धरलं आणि कळ जाईपर्यंत तसेच उभे राहिले. लुंगी भिजली, पाय भिजले. कशानं भिजले तेही लिहीत नाही.

मग मला धुतलं. मग फरशी धुतली.


२७ नोव्हेंबर

आग्नेस आली आणि वरचा हुक बघून कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. "काशिनाथ, बायकोला धुतोयस की केळीला पाणी देतोयस?"

डबा बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढा हवा, त्याहून वर नाही. पाणी आपल्या वजनानं हळूहळू उतरायला हवं. कळ आली की खटकी बंद, श्वास घ्यायचा, कळ गेली की परत उघडायची. घाई करायची नाही. पाणी प्यायच्या लायकीचं, हाताला कोमट लागेल एवढंच. हे म्हणाले, आपल्या विहिरीचं पाणी गोड आहे. ती म्हणाली, गोड असू दे, उकळून घे.

हे मान खाली घालून ऐकत होते. ती गेल्यावर हातोडी घेऊन आले, मला कमोडवर बसवलं, माझ्या खांद्याशी टाइलवर पेन्सिलनं खूण केली आणि दोन टाइलच्या मधल्या फटीत खिळा ठोकला. एवढ्या जपून ठोकत होते की मलाच हसू आलं. वरचा हुक काढायला गेले तर टाइल तडकायला लागली. म्हणून तो तसाच आहे वर. रिकामा.


३० नोव्हेंबर

झालं. नीट झालं!

सावकाश सोडलं. एकदा कळ आली, थांबवलं, परत सोडलं. मग टोक काढलं, बसून राहिले. सगळं आपोआप आलं. पोट हलकं. डबा, नळी, टोक साबणानं धुऊन उन्हात ठेवलं, परकराच्या मागे, कुणाला दिसू नये म्हणून.

मग काय करायचं तेच सुचेना. सकाळभर मी संडासाकडे कान लावून असते. आज त्या वेळात भाजी निवडली, पेपर वाचला, कोरांटीला पाणी घातलं. दुपार झाली. काही नाही. चहा घेतला. काही नाही!


१ डिसेंबर

संध्याकाळपर्यंत काही नाही. मी आज पांढरी साडी नेसले.


१२ डिसेंबर

फार उड्या मारू नये, हेच खरं. आज शिंप्याकडे ब्लाउज टाकायला जायचं म्हणून घाईघाईत उरकलं. पाणी भसाभस सोडलं, बसायला हवं तेवढं बसले नाही. शिंप्याच्या दुकानातच पोटात पाणी फिरायला लागलं. माप अर्ध्यावर सोडून रिक्षा केली. रिक्षातच झालं. खाली टॉवेल होता म्हणून वाचले.

रडले, पण नेहमीपेक्षा थोडं. आता कारण कळतं ना. पूर्वी नुसतंच व्हायचं.

ह्यांनी शिंप्याला घरी बोलावून आणलं. त्याला काय सांगितलं कोण जाणे, तो मला सारखं "वहिनी, गुडघा जपा" म्हणत होता.


२१ डिसेंबर, रविवार

राजोडीला गेलो, समुद्रावर! मुंबईची पोरं उंटावर बसून फोटो काढत होती. आम्ही वाळूवर बसलो. वाळूवर बसणं म्हणजे काय ते मला कळतं, ह्यांनाही आता कळतं. आडोसा नाही, नळ नाही. तरी बसलो, सूर्य बुडेपर्यंत. शेंगा खाल्ल्या.

हे समुद्राकडे बघत म्हणाले, "मधल्या खोलीत पंखा आवाज करतो ना?"

मी म्हटलं, करतो.

"आपल्या खोलीतला नाही करत."

मधल्या खोलीतलं अंथरूण आज उचललं. मेणकापड घातलं आहे खाली, ते ह्यांनीच घातलं, मला न विचारता, चादरीच्या आत नीट खोचून. पंचावन्न वर्षांची बाई मी, असल्या गोष्टी लिहायला लाज वाटायला हवी. नाही वाटत. ह्यांच्या अंगाला वाडीच्या मातीचा वास येतो, तो मी वर्षभर विसरले होते.


४ जानेवारी

सुकेळी घालायला घेतली. लग्नाला येणाऱ्या प्रत्येकाला केळीच्या वाळक्या सोपटात बांधून एक एक पुडी द्यायची आहे, ही कृतिकाची हौस. राजेळी केळी सोलून कारवीच्या काड्यांच्या मांडवावर उन्हात टाकायची, उलटायची, संध्याकाळी झाकायची. हे काम दरवर्षी मी आणि वहिनी मिळून करतो. न बोलावता आल्या. घडी केलेली चादर अंथरली, बसल्या, सोलायला लागल्या. नोव्हेंबरपासून आम्ही कामापुरतं बोलतो.

एकदा म्हणाल्या, "तू आता बरी दिसतेस."

मी "हो" म्हटलं आणि केळं उलटलं. मुद्दामच जास्त काही सांगितलं नाही. मीही काही कमी नाही.

निम्मं ऊन चढल्यावर एकदम उठल्या, चादर काखेत मारली आणि तरातरा घरी गेल्या. हातातलं केळं अर्धं सोललेलं, तसंच टाकून! किती तो तोरा.


१४ जानेवारी

हळदीकुंकू केलं, वर्षभराच्या खंडानंतर. ओटीवर बायका मावेनात. मी सगळ्यांना वाण दिलं, मध्ये एकदाही उठून आत गेले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही आणि तेच तर हवं होतं.

वहिनी दारातच उभ्या. "बसा ना" म्हटलं तर म्हणाल्या, "नको, दूध ठेवलंय." तिळगूळ घेतला, गेल्या. त्यांच्याकडे दूध सकाळीच तापतं.


२५ जानेवारी, रविवार

रंगीत तालीम. कल्पना कृतिकाची. बैठकीच्या खोलीत दोन पाट मांडले, आम्ही बसलो, माझ्या पदराची आणि ह्यांच्या टॉवेलची गाठ. कृतिका भटजी! फोनवर मंत्र लावले आणि तांदूळ टाकत बसली. नऊवारी नेसले होते, आत सगळी तयारी होती, तरी धाकधूक.

बसले. सकाळ गेली. दुपार झाली. मला काही नाही. ह्यांच्या पायाला मात्र मुंग्या आल्या आणि उठताना गाठीसकट माझ्या अंगावर पडले!

कृतिका हसता हसता रडायला लागली. मग मीही.


७ फेब्रुवारी

उद्या. डबा घासून ठेवला आहे. पाणी उकळून झाकलं आहे. आग्नेस पहाटे येते म्हणाली, नुसती बाहेर बसायला.

डब्या, तुला हळदीकुंकू लावायचं का? कुणी बघितलं तर मला वेड लागलं म्हणतील. लावलंच.


९ फेब्रुवारी

बसले!

सकाळपासून, ग्रहमखाच्या पूजेपासून कन्यादानापर्यंत. एकदाही उठले नाही. सुरुवातीला पोटात एकदा गुरगुरलं. ह्यांना कळलं. गाठ होतीच, त्यांनी उपरण्याखालून माझा हात धरला. गुरगुर गेली. नुसती हवा होती.

वरून मी सोडलेली पाण्याची धार, ह्यांच्या ओंजळीतून कृतिकाच्या, तिच्यातून अनिशच्या. मी त्या धारेकडे बघत होते आणि मनात आलं, पाण्यानंच सगळं केलं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे. माझं आतडं फाडलं, जोडलं, चुकीचं वागलं, तरी काल त्यानं माझी लाज राखली. देहाला कधी कुणी थँक्यू म्हणत नाही. मी म्हणते. तुलाही रे, काशिनाथ. (तोंडावर अहो, इथे अरे!)

पाठवणी झाल्यावर मी खांबाला टेकून उभी होते. वहिनी आल्या. दिवसभर कुठे तरी मागच्या बाजूला होत्या. माझं मनगट धरलं, घट्ट. "कशी बसलीस गो तू? एवढा वेळ?"

मला तो टोमणाच वाटला. पण काल मी कुणाला घाबरत नव्हते. सरळ सांगितलं. सकाळी डब्यानं पोट धुऊन घेते, रोज. डबा, नळी, मऊ टोक, कोमट पाणी, आग्नेस, सगळं. आवाजही खाली केला नाही.

त्यांचा चेहरा उतरला. मनगट सोडलं आणि वळून गेल्या. किळस आली असणार. येऊ दे. मी माझ्या मुलीचं कन्यादान केलं.


१२ फेब्रुवारी

घर रिकामं. हे वाडीत. मी पातेली आवरत होते तर वहिनी मागच्या दारानं आल्या. काखेत ती घडीची चादर. चादर हातातच राहिली, बसल्या नाहीत.

म्हणाल्या, "तो डबा किती उंच टांगायचा?"

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "अनुजच्या बाळंतपणात खाली फाटलं होतं, नीट भरलंच नाही. तेव्हापासून धरवत नाही. तुझ्या भाऊजींनासुद्धा माहीत नाही."

त्यांचा अनुज बत्तीस वर्षांचा आहे.

आधी त्यांना पाणी दिलं. प्यायल्या, सगळा तांब्या. सोमवारी आग्नेसला घेऊन डॉक्टरांकडे जायचं ठरलं, आम्ही तिघी. मग त्यांचा हात धरून बाथरूममध्ये नेलं आणि वरचा हुक दाखवला, खालचा खिळा दाखवला.